पांढऱ्या गादीवरची वेबसाइट

लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या साडीच्या दुकानाची वेबसाइट आणि ॲप करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दुकानाच्या मालकांची, काकांची, अट एकच होती: "रंग आमच्या दुकानासारखे हवेत." मी हौसेने आंबा कलरची पार्श्वभूमी घेतली, वर रामा रंगाची पट्टी आणि आंबा बटणांवर पांढरी अक्षरं. घरच्या मॉनिटरवर सगळं झकास दिसत होतं.

दुकानात फोनवर डाळिंबी साडीचा फोटो दाखवला, तर काका म्हणाले, "ही डाळिंबी आमची नाही. आमची इतकी जांभळट नाही." फोटो बरोबर होता. तोच फोटो पांढऱ्यावर ठेवला आणि डाळिंबी जागेवर आली. पिवळ्याच्या शेजारी लाल रंग जांभळ्याकडे झुकल्यासारखा दिसतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी यायच्या, तेव्हा शेवरूल या रसायनशास्त्रज्ञाला हेच उमगलं: दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता. १८३९ मध्ये त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. आपले दुकानदार साडी उलगडतात तीही पांढऱ्याशुभ्र गादीवरच, आणि गिऱ्हाइकाला रंगाची खात्री वाटेना की म्हणतात, "ताई, दारात उजेडात बघा." लहानपणापासून मी त्या गादीवर आईशेजारी बसत आले आहे. उत्तर तिथेच होतं.

मग पान पांढरं केलं, मजकूर जवळजवळ काळा, आणि डाळिंबी फक्त "पिशवीत टाका" या बटणापुरती. रंग साडीनेच दाखवायचा.

अक्षरांनी जास्त वेळ घेतला. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत; त्यांप्रमाणे साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. आंब्यावरची पांढरी अक्षरं २:१ सुद्धा गाठत नव्हती. किमतीखालची बारीक माहिती मी ९९९९९९ हा कोड असलेल्या करड्या रंगात पांढऱ्यावर लिहिली होती, तीही २.८५:१ वरच अडकली. भर दुपारी रस्त्यावर उभं राहून वाचून बघितलं, तर "संपलं"मधला अनुस्वार आणि "खर्च"मधला रफार दिसेनात. देवनागरीत आधी हेच बारीक अवयव पुसले जातात, म्हणून मराठी मजकुराला मी आता ७:१ च्या खाली जात नाही. हा माझा हट्ट आहे आणि तो मला रास्त वाटतो.

गल्ल्यावर काकांचे धाकटे भाऊ बसतात. साडी शिल्लक असेल तर हिरवा ठिपका, संपली असेल तर लाल, अशी मी सोय केली होती. त्यांनी यादी बराच वेळ न्याहाळली आणि हळूच विचारलं, "यातल्या संपलेल्या कुठल्या?" त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. रंगांधत्वाचा हाच प्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो पुरुषांमध्ये जास्त असतो. नुसत्या रंगावर अर्थ सोडू नये, हा नियम मी वाचलेला होता, तरी ठिपके तसेच ठेवले होते. त्याच संध्याकाळी ठिपके काढून "आहे" आणि "संपली" हे शब्द घातले. प्रत्येक साडीखाली रंगाचं नावही आलं: मोरपंखी, अबोली, श्रीखंडी, वांगी. नवरात्रात त्या त्या दिवसाचा रंग शोधणाऱ्या बायकांनाही त्याचा उपयोग झाला.

चिंतामणी मात्र अजून जमलेला नाही. एका फोनवर तो निळा दिसतो, दुसऱ्यावर जांभळा. त्या साड्यांचा एक जास्तीचा फोटो आम्ही आता दुकानाच्या दारात, सकाळच्या उजेडात काढतो.