हाय-लो लिव्हर जाम झालेला, गिअरबॉक्स न उघडता मोकळा झाला

आमच्याकडं भोरच्या बाजूला जुलैत भाताची चिखलणी असते, ट्रॅक्टर महिनाभर चिखलातच असतो. यंदा लावण्या उरकल्या आणि हाय-लोचा, म्हणजे गिअरची हळू (लो) किंवा जोरात (हाय) चालायची रेंज बदलायचा लिव्हर इतका जड झाला की लो मधून हायला घ्यायला दोन्ही हातांनी ओढायला लागायचं, वडिलांना तर तो पडतच नव्हता. मेकॅनिकला फोन केला तर तो न बघताच म्हणाला आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकला असंल, गिअरबॉक्स उघडू. म्हणजे ट्रॅक्टर आठ दिवस उभा आणि खर्च वेगळा, मन काय तयार होईना.

शेजारचे तात्या जुने ड्रायव्हर. ते म्हणाले, "आधी इंजिन बंद करून टाकून बघ. बंदवर सहज पडतोय आणि चालूवर अडतोय तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समज. बंदवर पण जड असंल तर दोष दुसरीकडं." बंद करून बघितलं, तेवढाच जड. कधी कधी गिअरचे दात समोरासमोर आले की बंदवर पण अडतं म्हणून ट्रॅक्टर थोडा ढकलून परत बघितलं, फरक नाही.

आमचा साईड शिफ्ट आहे, म्हणजे लिव्हर सीटच्या बाजूला, आणि लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत रॉड जातो. फूटप्लेटखाली चिखल वाळून नुसता दगड झालेला, तो स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढला तेव्हा कुठं रॉडची स्प्लिट पिन दिसली. ती काढून रॉड सुटा केला आणि गिअरबॉक्सकडचा आर्म हातानं हलवला, तर टक करून लो, टक करून हाय! इतका बरा वाटला तो आवाज. म्हणजे आतलं सगळं ठीक आणि लिव्हर स्वतःच्याच पिनवर गंजून बसलेला.

पिनवर डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी लाकूड आडवं धरून हळूहळू ठोकून काढली. लालभडक गंज, एका बाजूला बोटाला लागेल एवढी झिजलेली. दुकानातून नवीन पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) आणलं, भोक पॉलिश पेपरनं साफ केलं, ग्रीस भरून बसवलं. रॉडची लांबी मात्र अजिबात हलवली नाही, ती बदलली तर रेंज अर्धवट पडते आणि लोडवर निसटते.

तेवढ्यात गिअर ऑइल पण बघून घेतलं, चिखलणीत पाणी शिरलं तर ते दुधासारखं होतं, आमचं स्वच्छ निघालं. क्लच पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, थोडा जास्त होता तो पुस्तकात दिलाय तेवढा करून घेतला.

आता वडील एका हातानं हाय-लो टाकतात. फक्त ट्रॅक्टर पूर्ण थांबवून, क्लच शेवटपर्यंत दाबूनच, कारण चालत्या गाडीत रेंज बदलली की दात खरडतात आणि मग खरंच गिअरबॉक्स उघडायची वेळ येते. चिखलणी संपली की पाण्यानं धुऊन त्या पिनला ग्रीस मारायचं काम आता माझ्याकडं आहे.