मी कंट्रोल ग्रुपमध्ये

पार्किन्सन्सच्या संशोधनात आजार नसलेली माणसंही लागतात, हे मला ह्यांच्या निमित्ताने कळलं. ह्यांचं निदान नुकतंच झालं होतं. स्वस्थ बसले की उजव्या हाताची बोटं थरथरायची, अक्षर बारीक बारीक होत गेलं होतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मेंदूतल्या व्हाइट मॅटरचा, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्याचा, एमआरआयने अभ्यास चालू आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ह्यांनी लगेच नाव दिलं. तिथली संशोधक मुलगी मग माझ्याकडे वळली. “काकू, तुम्ही याल? कंट्रोल म्हणून?”

कंट्रोल म्हणजे तुलनेचा गट. वयानुसार प्रत्येकाचंच व्हाइट मॅटर थोडंफार बदलतं. त्यामुळे पासष्टीच्या रुग्णाशी तुलना करायला पासष्टीचाच धडधाकट माणूस हवा. रुग्णाची बायको आयतीच सापडते, पण त्यातही एक गोची आहे. पार्किन्सन्स पुरुषांत बायकांच्या साधारण दीडपट आढळतो. म्हणजे रुग्णांत नवरे जास्त आणि तुलनेला सगळ्या बायकाच. मग दिसलेला फरक आजाराचा, की बाई-पुरुषाच्या मेंदूचा? म्हणून “तुम्हाला घेतेच, पण सोसायटीतले काकाही पाठवा,” अशी गळ तिने घातली. ते काम काही मला जमलं नाही. “मला काही झालेलं नाही, मी कशाला एमआरआय करू?” हे ऐकून ऐकून कान किटले. अहो, काही झालेलं नाही म्हणूनच तर!

संमतीपत्र मराठीत होतं आणि मी ते सगळं वाचलं. भाग घेणं ऐच्छिक, कधीही बाहेर पडता येईल, त्याने ह्यांच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, वैयक्तिक फायदा मात्र काही नाही. एक चौकट वेगळी होती: स्कॅनमध्ये योगायोगाने काही आढळलं तर कळवायचं का? मी ‘हो’वर खूण केली.

आधी वासाची चाचणी झाली, कारण पार्किन्सन्समध्ये वास जाणं हे थरथरीच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतं. पुस्तिकेतला ठिपका पेन्सिलीने खरवडायचा, हुंगायचा आणि चारांतला एक पर्याय निवडायचा. पुस्तिका अमेरिकेची. पर्यायांत रूट बिअर! उभ्या जन्मात न हुंगलेली वस्तू मी ओळखणार कशी? ह्यांना तर कांदाही धड ओळखता आला नाही, आणि घरी आमटी करपल्याचं ह्यांना का कळत नव्हतं त्याचा उलगडा तिथे झाला.

स्कॅनच्या दिवशी ह्यांनी आदल्या रात्रीपासून पार्किन्सन्सची गोळी घ्यायची नव्हती. मी साडीच्या पिना, मंगळसूत्र, पाटल्या, केसांतले आकडे सगळं काढून गाऊन चढवला. इंजेक्शन नव्हतं. कानात बोळे, वर हेडफोन, हातात घाबरलं तर दाबायचा रबरी फुगा. पहिले आवाज ठोकल्यासारखे होते. नंतर एका टप्प्यावर घरघर सुरू झाली आणि मी झोपले होते तो टेबलच हादरायला लागला. तीच खरी तपासणी, डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग. सगळे तिला डीटीआय म्हणतात.

ही पद्धत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडली. मेंदूतल्या पाण्याचे रेणू सतत हलत असतात. खराट्याच्या काड्यांतून पाणी जसं काड्यांच्या लांबीने सहज वाहतं, तसं मज्जातंतूंच्या जुडग्यातही पाणी लांबीच्या दिशेला सहज सरकतं, आडवं सरकायला त्याला त्रास पडतो. यंत्र अनेक दिशांनी ही हालचाल मोजतं आणि त्यातून 0 ते 1 मधला एक आकडा काढतात, एफए. तंतूंची वीण विस्कटली की तो सहसा घसरतो. पार्किन्सन्समध्ये मेंदूपेशींच्या आधी त्यांच्या तंतूंची टोकं झडतात, असं दान केलेल्या मेंदूंच्या तपासणीतून दिसलेलं आहे. म्हणून सुरुवातीलाच तंतूंकडे बघायचं.

ह्यांच्या वेळी मात्र कसोटी लागली. डोकं जरा हललं तरी आकडा बिघडतो. आणि रुग्ण जास्त हलले, निरोगी कमी हलले, तर हलण्यातला फरकच आजाराचा म्हणून खपून जायचा. टेक्निशियनने दोन्ही गालांशी स्पंज कोंबले, गुडघ्यांखाली उशी दिली. तरी एक भाग पुन्हा घ्यावा लागला. ह्यांची थरथर मनात आकडेमोड केली की वाढते, आणि बँकेत हयात गेलेला माणूस आत पडल्या पडल्या दुसरं काय करणार?

बाहेर येताच ह्यांनी विचारलं, “माझा एफए किती?” तो सांगत नाहीत. 2009 मध्ये अमेरिकेत 14 रुग्ण आणि 14 निरोगी माणसांच्या अभ्यासात, मध्यमेंदूतल्या सबस्टान्शिया नायग्राच्या (पार्किन्सन्समध्ये जिथल्या पेशी मरतात तो भाग) मागच्या बाजूच्या एफएवरून सगळे रुग्ण अचूक वेगळे काढता आले होते. पुढच्या अभ्यासांत निकाल इतके स्वच्छ आले नाहीत. व्हाइट मॅटरमध्ये काहींना सुरुवातीच्या रुग्णांत एफए कमी दिसला, तर काहींना चक्क वाढलेला. गटाच्या सरासरीत फरक दिसतो, पण एकट्यादुकट्याच्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. ह्यांना ते पटलं नाही. मला पटलं.

काही दिवसांनी फोन आला, तो माझ्यासाठी! माझ्या साध्या एमआरआयमध्ये व्हाइट मॅटरवर बारीक पांढरे ठिपके होते. या वयात ते अनेकांना असतात, पण रक्तदाब बघून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. बघितला तर वाढलेला. गोळी सुरू झाली.

“मग मी आता कंट्रोलमधून बाद का?” मी त्या मुलीला विचारलं. “छे! रुग्णांनाही बीपी असतंच ना? तुलनेला एकही ठिपका नसलेले मेंदूच घेतले, तर बीपीमुळे झालेले बदल आम्ही पार्किन्सन्सच्या नावावर टाकू.” माझी गोळी तिने फॉर्मवर लिहून घेतली. पुढच्या स्कॅनला मी ती घेऊनच जायचं आहे, ह्यांनी मात्र आपली न घेता.