आईचा गोव्याचा खेटा

१९९२च्या जूनमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसने व्हीटीला उतरलो आणि वडिलांबरोबर चालतच सेंट झेवियर्सला गेलो. वडिलांचा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा व्यापार. मुलाला फादर लोकांच्या कॉलेजात घालतोय म्हटल्यावर भाऊबंदांनी नाके मुरडली होती. आजोबांनी त्यांना गप्प केले. ते स्वतः व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात राहून शिकलेले. शाहू महाराजांनी १९०१मध्ये ते बोर्डिंग काढले आणि पुढे लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती, सगळ्यांच्या पोरांसाठी वसतिगृहे उभी केली. "महाराजांच्या गावात राहता आणि कॉलेज कुणाचं म्हणून विचारता?" एवढेच आजोबा म्हणाले, आणि विषय मिटला.

राहायला लालबागला मामांकडे होतो. करी रोडहून लोकल पकडायची, व्हीटीला उतरायचे. पहिले वर्ष इंग्रजीशी झटापट करण्यातच गेले, त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही.

विषय इतिहास होता, त्यामुळे फादर हेन्री हेरास यांचे नाव लवकरच कानावर आले. जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या जर्मन धर्मगुरूंनी १८६९मध्ये सुरू केलेल्या आपल्या कॉलेजात हे स्पॅनिश धर्मगुरू आले आणि १९२६मध्ये त्यांनी इतिहास-संशोधनाची संस्था उभी केली. सिंधू लिपी उलगडण्यासाठी वर्षानुवर्षे खर्ची घातली. गणपतीची उपासना कुठून आली, यावरही लिहिले. १९५५मध्ये ते गेले, म्हणजे आमच्या पिढीला ते भेटणे शक्यच नव्हते. पण दुसऱ्याच्या देवाचा इतका अभ्यास करणारा हा माणूस स्वतःच्या श्रद्धेपासून तसूभरही ढळला नाही, हे मला त्या वयात फार मोठे वाटले. आजही वाटते. कॉलेजच्या चॅपेलमध्ये परीक्षेच्या सकाळी जाऊन बसायचो. तू इथे कसा, असे मला कधी कुणी विचारले नाही.

वर्गातला माझा जवळचा मित्र वसईचा. सप्टेंबरात तो मला वांद्र्याला मोत मावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या जत्रेला घेऊन गेला. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांमध्ये निम्म्या तरी कुंकू लावलेल्या होत्या. तिथेच त्याने सांगितले, गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दहा वर्षांनी एकदा खुले होते आणि ते आता १९९४च्या नोव्हेंबरपासून आहे. आमचे ते शेवटचे वर्ष. नाताळ वसईला करून तो कोल्हापूरला यायचा आणि तिथून आम्ही एसटीने गोव्याला जायचे, असे ठरले.

तो घरी आला. आईने आमचे बोलणे ऐकले आणि म्हणाली, "पोरं एवढ्या लांबनं देवाला निघाल्यात, मग मी बी येतो की." माझी आई दरवर्षी माघात जोतिबाचे खेटे घालणारी, म्हणजे त्याच्या डोंगरावर पायी वाऱ्या करणारी. गोव्याचा देव कोण, काय, हे तिने विचारले नाही. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी बांधली, पिशवीत एक नारळ टाकला आणि पहाटे आमच्याआधी चपला घालून दारात उभी राहिली.

निपाणी, आजरा, मग आंबोलीचा घाट. घाटात धुके इतके दाट होते की ड्रायव्हरने गाडी अगदी सावकाश घेतली. जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा रांग खूप लांबवर गेलेली. आमच्या कॉलेजातल्या फादरांनी बजावले होते की बरोबर कुणी वडीलधारे असेल तर उन्हात उभे करू नका, सावली बघून बसवा, तुम्ही रांग धरा. आईने ते मानले नाही. रांगेतच मित्राला विचारू लागली. हे कुठल्या गावचे? तो सांगत गेला: स्पेनकडचे, नवारचे. १५४२मध्ये गोव्याला आले, पुढे पार जपानपर्यंत गेले. १५५२च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले, आणि १५५४मध्ये त्यांचे शरीर गोव्याला आणले. आईने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे परत घरला गेलंच न्हाईत?" तो म्हणाला, "नाही काकू, कधीच नाही." पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही.

कॅथेड्रलच्या दाराशी आईने चपला काढल्या. कुणीच काढत नव्हते. मित्राने तिच्याकडे पाहिले, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आपले बूट तिच्या चपलांशेजारी ठेवले. मग मीही काढले. आत थांबायला फार वेळ मिळत नाही, रांग पुढे सरकवत नेतात. आईने पायांकडे बघून हात जोडले. नारळ कुठे द्यायचा ते न समजल्याने बाहेर आल्यावर तो तिथेच फोडला आणि रांगेतल्या पोराबाळांना खोबरे वाटले. गोव्याची माणसे त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात हे तिने तिथेच ऐकले. तेव्हापासून तीही सायबच म्हणते.

दोन महिन्यांत माघ आला आणि मित्र खेट्याला हजर. करवीरची अंबाबाई अनवाणी चालत जोतिबाला अडवायला गेली, तिच्या मागून आपण चालायचे, अशी आख्यायिका. पंचगंगेवरून पहाटे निघालो, वडणगे, निगवे, कुशिरे, मग डोंगर. अनवाणी चालण्याचा हट्ट त्याचा. पायाला फोड आले तरी 'चांगभलं'चा त्याचा आवाज आमच्यापेक्षा मोठा. गुलालाने माखलेला शर्ट त्याच्या आईने न धुता ठेवून दिला, असे पुढे कळले. माझ्या आईने फादरांसाठी गुळाची ढेप पाठवली. फादरांनी ती स्टाफ रूममध्ये फोडून वाटली.

कॉलेजच्या या स्मरणिकेतून एक विनंती करतो. मागचे दर्शन २०२४च्या अखेरीस झाले. पुढच्या दर्शनाला कॉलेजातली जी मुले-मुली कोल्हापूरमार्गे गोव्याला जातील, किंवा कुठल्याही माघात ज्यांना खेटा घालावासा वाटेल, त्यांनी आमच्याकडे उतरावे. वरचा मजला मोकळा असतो. आई आता थकली आहे, डोंगर चढवत नाही. पण भाकरी कुणी थापायच्या यावर अजून सुनेचे काही चालू देत नाही. येण्याआधी दोन दिवस कळवले तर बरे.