मावळ्याचा ळ

"आई, माझी कंदील कुठंय?"

धाकटा पहिलीत गेला तेव्हापासून आमच्या घरात कंदील स्त्रीलिंगी आहे. जर्मनमध्ये लाटेर्ने स्त्रीलिंगी, म्हणून त्याने कंदिलालाही त्याच रांगेत नेऊन उभं केलं. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे. मग एकदा थोरली मध्ये पडली, "पणती ती, समई ती, मेणबत्ती ती, मग कंदीलच का तो?" मला उत्तर सुचलं नाही. दिवासुद्धा 'तो' असतो हे रात्री भांडी आवरताना आठवलं, तोवर खटला निकाली निघाला होता.

आम्ही ड्युसेलडॉर्फला राहतो, ऱ्हाइन नदीच्या काठी. मी साताऱ्याची, नवरा नाशिकचा, मुलं कुठली ते त्यांचं त्यांनी ठरवावं. लेक तेरा वर्षांची, धाकटा आठ. "तिकडे दिवाळी कशी करता गं?" असं साताऱ्याहून मावश्या-काकवा दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी माझं उत्तर वेगळं असतं. साताऱ्यात दिवाळी आली की शाळा, कचेऱ्या, गल्ली, सगळं तिच्यासाठी बाजूला सरकतं. इथे तिलाच सरकून बसायची जागा शोधावी लागते. ज्या वर्षी जो शेजारी मिळेल, तशी त्या वर्षीची दिवाळी होते.

२०२३ साली तिला शेजारी मिळाला सांक्ट मार्टिन.

हा संत मार्टिन आधी रोमन सैनिक होता. कडाक्याच्या थंडीत वाटेवर कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी गोष्ट. त्याचा दिवस ११ नोव्हेंबर, पण आमच्या गावात मिरवणूक आदल्या संध्याकाळी, १० तारखेला निघते. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, मागे बँडवाले आणि त्यांच्या मागे काठीला कंदील लावलेली शेकडो पोरं. तेव्हा इथे साडेपाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे ते दिवे फार उठून दिसतात. मिरवणूक संपली की पोरं दारोदार, दुकानोदुकानी जाऊन गाणी म्हणतात आणि पिशवीत खाऊ गोळा करतात. ड्युसेलडॉर्फकर याला ग्रिपशेन म्हणतात. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भोंडला आठवला होता. गाणी म्हणा, खिरापत घ्या. फक्त इथे खिरापत ओळखायला लावत नाहीत आणि मुलगेही असतात.

त्या वर्षी १० नोव्हेंबरला धनत्रयोदशी होती. धाकटा नुकताच पहिलीत गेलेला, शाळेतली त्याची पहिली मिरवणूक. कंदील करायला शाळेने पालकांनाही बोलावलं होतं. काळा पुठ्ठा कापून त्यावर रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचा आणि त्याचा साळिंदरासारखा काटेरी ईगल करायचा. (ईगल म्हणजे गरुड नव्हे, जर्मनमध्ये तो काटेरी उंदरासारखा प्राणी.) मी ऑफिसात अडकले, म्हणून बाबा गेला. नाशिकला कामट्या आणि जिलेटीन कागदाचे आकाशकंदील करण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याच्या हाती कागद आणि खळ दिल्यावर काय होणार? इतर पंचवीस मुलांचे काटेरी ईगल घरी आले. आमच्या ईगलला खाली झिरमिळ्या होत्या. बाईंनी विचारलं तेव्हा चिरंजीव म्हणाले, "ही शेपटी आहे. आमच्याकडे सगळ्या कंदिलांना असते."

रात्री मिरवणुकीहून आलो. गाल लाल, बुटांना चिखल, हातात वेकमान. वेकमान म्हणजे गोडसर पावाचा माणूस, बेदाण्यांचे डोळे आणि तोंडात खरी चिनीमातीची पांढरी चिलीम. तसाच ईगल बाल्कनीत टांगला, त्याखाली धनत्रयोदशीची पणती लावली आणि यमदीपाची कणिक भिजवायला मी आत गेले. बाहेर येऊन पाहते तर पणतीसमोर धन-धान्याशेजारी नैवेद्याला वेकमान ठेवलेला, चिलमीसकट.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला. आमच्या राज्यात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी! मी जानेवारीतच कालनिर्णयवर लाल गोल केला. पण ही सुट्टी आल्लरहायलिगनची, म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची. कायद्याने 'शांत सुट्टी'. संध्याकाळी सहापर्यंत सार्वजनिक ठिकाणी नाचगाणं नाही, दुकानं बंद, आणि लोक फुलं-दिवे घेऊन कबरस्तानात जातात. तोरणाला झेंडू काही मिळेना. आदल्या दिवशी फुलांच्या दुकानात मात्र शेवंतीचे ढीग लागलेले, पिवळीधमक, टपोरी, स्वस्त. मी दोन हातांत मावतील तेवढ्या कुंड्या आणल्या आणि सकाळी दाराला असं काही तोरण बांधलं की सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगो, इथेसुद्धा इतकी छान शेवंती नाही गं मिळत."

दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या, दाराशी थांबल्या, बेल वाजवली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कोण गेलं?"

इथे शेवंती कबरीवर वाहतात हे मला दहा-बारा वर्षं राहूनही माहीत नव्हतं. लेकीने त्यांना समजावून सांगितलं. नाही, कोणी गेलेलं नाही, उलट आज कोणीतरी यायचं आहे. लक्ष्मीबद्दल ती जर्मनमध्ये इतकं सविस्तर बोलली की मीच ऐकत राहिले. एवढं मी तिला कधी सांगितलं होतं आठवेना. आजींना एकूण कल्पना पटली असावी. संध्याकाळी त्या नवऱ्याच्या कबरीवर दिवा लावून आल्या आणि उरलेले दोन दिवे, ते लाल प्लास्टिकच्या नळकांड्यातले, दिवसेंदिवस जळणारे, आमच्या दारात दोन बाजूंना ठेवून गेल्या. लक्ष्मी यायची तर वाट दिसायला हवी ना, म्हणाल्या. ते दिवे भाऊबीजेपर्यंत जळत होते. ते मुळात कुठले, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या हे वाचतील तेव्हा बघू.

फटाक्यांचं थोडक्यात सांगते. इथे ते वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकतात आणि ३१ डिसेंबरला व १ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाजी मात्र बारा महिने मिळते, तिचं नाव वुंडरकेर्त्से, चमत्काराची मेणबत्ती. एवढं गोड नाव आपल्याला का सुचलं नाही कोण जाणे.

आता या वर्षीचं. या वर्षी दिवाळी शरदाच्या सुट्टीतच आली. १३ ते २५ ऑक्टोबर शाळा बंद आणि २० तारखेला नरकचतुर्दशी. मुलांना आयुष्यात पहिल्यांदा दिवाळीची सुट्टी! शिवाय त्या सुमारास इथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सातला उठूनही अभ्यंगस्नान शास्त्रोक्त होतं. कारीट नसल्यामुळे आम्ही हिरवं द्राक्ष फोडायचं ठरवलं. नवऱ्याने नाशिककर म्हणून त्याला तीव्र विरोध केला. द्राक्ष पायाखाली चिरडणं त्याच्या लेखी नरकासुराहून मोठं पाप. शेवटी चेरी टोमॅटोवर तडजोड झाली.

पण खरी गोष्ट किल्ल्याची. सुट्टी लागली त्या शनिवारी धाकट्याने जाहीर केलं, यंदा किल्ला. मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली. आमच्या गल्लीत सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की पोरं थेट मातीत. मला वाटलं, यात काय, माती आणि पाणी. बाल्कनीत प्लास्टिक अंथरलं आणि बागकामाच्या मोठ्या दुकानातून कुंड्यांच्या मातीची दोन पोती आणली. तिला माती का म्हणतात माहीत नाही. ती काळी, हलकी, भुसभुशीत, पाणी घातलं की स्पंजासारखी फुगते आणि हात काढला की बसते. तीनदा बुरूज उभा केला, तीनदा तो केकसारखा खचला. धाकटा रडकुंडीला आला. व्हिडिओवरून माझे बाबा सूचना देत होते, "अरे, आधी दगड रचा, वरून पोतं टाका, मग चिखल थापा." पोतं कुठलं आणायचं इथे!

लेक आपल्या खोलीत. तिने आधीच सांगितलं होतं की किल्ला-बिल्ला लहान मुलांचं असतं. गेल्या वर्षीपासून ती मार्टिनच्या मिरवणुकीलाही येत नाही. मैत्रिणींसोबत लांबून बघते. मी काही बोलत नाही, पण तिचा जुना चांदणीचा कंदील अजून माळ्यावर ठेवलाय.

सोमवारी नवऱ्याने तोडगा काढला. भिंतींना द्यायचा मातीचा गिलावा. इथे जुनी घरं नव्याने लिंपायला लोक तो वापरतात, पंचवीस किलोचं पोतं मिळतं. पाणी घातलं आणि घरभर पहिल्या पावसाचा वास सुटला. हाताला चिकटणारी, थापली की थापलेली राहणारी खरी माती. खाली बिअरचे रिकामे क्रेट, त्यावर जुनी गोणपाटाची पिशवी आणि वरून गिलावा. दोन दिवसांत तट, दोन बुरूज, पायऱ्या आणि एक चोरदरवाजा तयार. सिंहासनावर महाराज साताऱ्याहून आणलेले. मावळे मात्र नव्हतेच, म्हणून प्लेमोबिलच्या खेळण्यांतले शूरवीर उभे केले. अंगभर चिलखत, तोंडावर लोखंडी झडप. त्यातल्या एकाच्या ढालीवर सिंह होता, त्याला तानाजीचं काम मिळालं.

हिरवळीसाठी मी स्वयंपाकघरातला हळिवाचा डबा काढला. हा डबा म्हणजे आमच्या घरातली ऐतिहासिक वस्तू. लेक इथे जन्मली तेव्हा माझी आई हळिवाचे लाडू करायला सातारहून सामान घेऊन आली होती, तेव्हापासून दर फेरीत हळीव येतात. धाकट्याने उतारावर मूठभर पेरले आणि तासातासाला पाणी मारत बसला. चौथ्या दिवशी गड हिरवा.

त्या सकाळी लेक बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला आली. वाकून पाहिलं, एक काडी तोडून तोंडात टाकली, चावली आणि ओरडलीच.

"आई! हे क्रेसं आहे!"

क्रेसं म्हणजे इथली घरोघरची तिखटसर कोवळी भाजी. सुपरमार्केटात पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत उगवलेली मिळते, कात्रीने कापून लोणी-पावावर किंवा अंड्यावर घालतात. बालवाडीत ईस्टरच्या आधी मुलं अंड्याच्या टरफलात कापूस घालून ती पेरतात. लेकीनेही पेरली होती, मी फोटो काढले होते. गेली तेरा वर्षं मी एका हाताने क्रेसंच्या डब्या विकत आणत होते आणि दुसऱ्या हाताने हळीव सातारहून मागवत होते, आणि हे दोन्ही एकच आहे याचा मला पत्ता नव्हता. मी एक काडी चावून पाहिली. तेच.

"म्हणजे तू जन्मलीस तेव्हा मी हे खाल्लं होतं," मी म्हटलं.

"लाडूत? क्रेसं?" तिला ते भयंकर वाटलं. पण ती आत गेली नाही. खाली बसली आणि पायऱ्या वाकड्या आहेत म्हणून भावाला सुनवायला लागली. मग पायऱ्या तिने केल्या. मग तळं तिने केलं. संध्याकाळी मी चकल्या तळत होते, धुराचा अलार्म बोंबलला, तरी दोघांपैकी कोणी मान वर करून पाहिलं नाही. दिवाळी संपल्यावर तिने कात्री आणून गडावरचं रान कापलं आणि सगळ्यांना पावावर घालून दिलं. मातीचा एखादा कण लागत होता. वरच्या आजींनाही एक तुकडा गेला.

किल्ला पहिल्या पावसात विरला. आता डिसेंबर आहे. टेबलावर आडव्हेंटचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचं, चार मेणबत्त्यांचं चक्र आहे, दर रविवारी एक वाढवायची. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान विशर्न नावाच्या धर्मोपदेशकाने निराधार मुलांसाठी असं पहिलं चक्र केलं, त्यात रोजची एक मेणबत्ती होती, कारण मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? आमच्याकडे आजही तेच विचारतात. स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात व्हॅनिलेकिप्फर्ल आहेत, चंद्रकोरीची, पिठीसाखरेत घोळलेली बिस्किटं. त्याच डब्यात दीड महिन्यापूर्वी करंज्या होत्या. डबा तोच, फळी तीच, आणि रात्री खुर्ची सरकवल्याचा आवाजही तोच.

काल धाकटा पत्र लिहायला बसला. आमच्या भागात भेटी सांताक्लॉज आणत नाही, क्रिस्टकिंड आणतं, म्हणजे बाळ येशू, आणि ते कोणाला दिसत नाही. त्याला पत्र पाठवायचं ठिकाण कोलोनजवळचं एंगेल्सकिर्शेन हे गाव. पोस्ट खात्याची माणसं तिथे बसून पोरांना खरोखर उत्तरं धाडतात. धाकट्याने लिहिलं होतं, मला आठ मावळे हवेत, कारण शूरवीरांना पागोटी नसतात. क्रिस्टकिंडला मावळा माहीत नसेल म्हणून शेजारी चित्र काढलं होतं, भाला, ढाल आणि बाजूला हिरवी क्रेसं.

अडलं ते स्पेलिंगवर. जर्मनमध्ये ळ लिहायचा कसा? एक एल लावला तर मावला होतो. दोन लावले तर माव्ल्ला. आर आणि एल लावून त्याने वाचून पाहिलं आणि स्वतःच हसला. क्रिस्टकिंड कोण आहे हे पुरतं ठाऊक असलेली लेक बराच वेळ मोबाईलमध्ये तोंड घालून बसली होती. ती उठली, त्याच्या हातातलं पेन घेतलं, दोन जर्मन अक्षरांच्या मध्ये जागा सोडून एक भला थोरला, किंचित उलटा वाटणारा ळ काढला, आणि समासात बाण काढून जर्मनमध्ये लिहिलं: हे अक्षर जीभ मागे वळवून म्हणायचं, जमलं नाही तर भावाला फोन करा.

खाली आमचा नंबर दिला आहे. पत्र आज टाकलं.