'अँदोशीन' पाहताना रबराच्या झाडाकडे लक्ष ठेवा

व्हिएतनामला येण्याआधी कोणता सिनेमा पाहावा, असं कुणी विचारलं की इथली मंडळी हमखास 'अँदोशीन'चं (म्हणजे 'इंडोचायना') नाव घेतात. रेजिस वार्निए यांचा १९९२ चा हा फ्रेंच चित्रपट दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो, आणि परभाषेतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्याच्या नावावर आहे. एलियान (काथरिन देनव) ही फ्रेंच अमलातल्या व्हिएतनाममधल्या रबराच्या मळ्याची मालकीण. कामिय ही तिने सांभाळलेली राजघराण्यातली अनाथ मुलगी. दोघींचा जीव एकाच नौदल अधिकाऱ्यावर जडतो. खरं तर तो अधिकारीच कथेतला सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याच्यासाठी दोघींनी एवढं पणाला का लावावं, हे शेवटपर्यंत पटत नाही.

सिनेमातलं सायगाव (आजचं हो चि मिन्ह सिटी) सायगावात शोधू नका. त्यासाठी बऱ्याच अंशी मलेशियातलं पेनांग आणि बटरवर्थ वापरलंय. ह्वेचा राजवाडा, हा लाँगचा उपसागर आणि निन बिन्हजवळचं फात झिएम इथलं दगडी चर्च मात्र अस्सल. हा लाँगला फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर धुक्यात आणि रिमझिमीत पुढचा सुळकाही नीट दिसत नाही.

पडद्यावर खरं पाहण्यासारखं आहे ते रबर. चीक काढायचं काम उजाडण्याआधी होतं. गारव्यात सालीतल्या नलिकांमधला दाब जास्त असतो. ऊन चढलं की तो उतरतो आणि धार आटते. डावीकडून उजवीकडे उतरणारी, साधारण ३० अंशांची तिरकी खाच पाडतात. नलिका किंचित उलट दिशेला कललेल्या असतात, त्यामुळे अशा खाचेत त्या जास्त कापल्या जातात. दर वेळी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर साल तासायची. सुरी आतल्या कोवळ्या थरात घुसली की तिथे गाठी येतात आणि नव्याने आलेली साल पुन्हा तासता येत नाही. साल ओली असेल तर चीक खाच सोडून खोडभर पसरतो, म्हणून पावसात कामाला सुट्टी. वाटीत जमलेल्या चिकात रबर साधारण एक तृतीयांश, बाकी बहुतेक पाणी. रबराची लागवड असलेल्या दोडामार्गकडच्या वाचकांना यात नवं काही वाटणार नाही.

आणखी एक धागा मुंबईचा. १८९७ च्या प्लेगात सीरम घेऊन मुंबईला आलेले, प्लेगचा जंतू शोधणारे अलेक्झांडर येर्सँ यांनीच व्हिएतनाममधल्या न्हा त्रांगजवळ रबराची सुरुवातीची लागवड केली.

एका प्रसंगात एलियान पळून जाणाऱ्या मजुराला चाबकाने मारते आणि वर विचारते, लेकरांना मारायला आईला आवडतं का? तो म्हणतो, तुम्हीच माझे आईबाप. आपल्याला 'मायबाप सरकार' ऐकायची सवय, त्यामुळे हे वाक्य फ्रेंच प्रेक्षकापेक्षा आपल्याला जास्त बोचतं. पुढे बेटावरचा मजुरांचा बाजार येतो. उत्तरेकडच्या गरीब गावांतून माणसं गोळा करायची, कंत्राटावर अंगठे घ्यायचे आणि बोटीने दक्षिणेच्या मळ्यांवर पाठवायची, अशी ही व्यवस्था. मुकादम आणि उचल हे शब्द आठवतातच. १९३० च्या फेब्रुवारीत फू रिएंगच्या मळ्यावर मोठा संप झाला तो याच मजुरांचा. सिनेमा मात्र त्यांच्याजवळ फार थांबत नाही; कॅमेरा लगेच एलियानच्या रेशमी पोशाखाकडे वळतो.

कामियला ज्या पुलो काँदोरच्या तुरुंगात टाकतात तो आजच्या कोन दाओ बेटावर आहे. सायगावहून विमान आहे. तुरुंगाची आवारं प्रशस्त आहेत, सावली कमी, तेव्हा सकाळीच जा.

मळा बघायचा तर सायगावच्या वायव्येला दाउ तिएंगकडे निघा. टेटच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) आसपास झाडं पानं झाडतात आणि नवी पालवी येईपर्यंत काम बंद असतं. तेव्हा गेलात तर रिकाम्या वाट्या दिसतील. नोव्हेंबर-डिसेंबर बरा. पहाटे कपाळावर दिवा बांधून माणसं रांगेने झाडांना खाचा पाडत असतात. आधी परवानगी घ्या, फोटोसाठी त्यांना अडवू नका आणि वाट्यांना हात लावू नका. कपड्यावर सुकलेला चीक धुऊन निघत नाही.