‘ढ’ कुणी ठरवायचं?

परवा आईने फोनवर विचारलं, “तुमच्याकडे शाळेत त्या मानसतज्ज्ञ बाई असतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का गं? इथे आता कोर्टाने सांगितलंय म्हणे, सगळीकडे नेमा.” जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, ते तिच्या कानावर आलं होतं. आईने वाईजवळच्या जिल्हा परिषद शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय. तिला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत ही माणसं दोन वेगळ्या प्रकारची असतात. काउन्सेलर मुलांचे विषय, वेळापत्रक, कॉलेजचे अर्ज, मैत्रीतली भांडणं, रडू येणं असं सगळं बघतो. स्कूल सायकॉलॉजिस्ट प्रामुख्याने चाचण्या घेतो आणि मुलाला खास मदतीची गरज आहे का ते ठरवणाऱ्या गटात बसतो. आमच्या न्यू जर्सीत या गटाला चाइल्ड स्टडी टीम म्हणतात. त्यात सायकॉलॉजिस्ट, शिकण्यातल्या अडचणींची जाणकार शिक्षिका आणि सोशल वर्कर असे तिघे असतात. आमच्या घराचा दोघांशीही संबंध आला, धाकट्यामुळे एकाशी आणि थोरलीमुळे दुसऱ्याशी.

आम्ही 2021 च्या ऑगस्टमध्ये इथे आलो तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. घरात मराठी, पुण्याच्या शाळेतलं शेवटचं वर्ष सगळं लॉकडाउनमध्ये गेलेलं. दुसरीच्या वर्गात तो बोलेचना. तीन महिन्यांनी शाळेचं पत्र आलं: मुलाची तपासणी करू इच्छितो, परवानगी द्यावी. मी सही केली नाही. पोराच्या नावाला कायमचा काहीतरी डाग लागेल या भीतीने तो कागद कपाटात ठेवून दिला. त्या भीतीपायी त्याचे पाच महिने गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. नुसत्या सहीने मूल कुठल्याही वर्गात ढकललं जात नाही, खास मदत सुरू करायलाही पालकांची वेगळी संमती लागते, हे तेव्हा ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

शेवटी सही केली. इथे सही झाल्यापासून 90 दिवसांत तपासणी, निर्णय आणि गरज असेल तर प्रत्यक्ष मदत, एवढं सगळं व्हावं लागतं. अहवाल हातात आला. ठोकळे जुळवणं, आकृत्यांमधला क्रम ओळखणं यात तो बऱ्यापैकी पुढे. शब्दांच्या भागात मात्र तळाला. पोराला सूप, उखळ, परडी, ताटली सगळं माहीत होतं, इंग्रजीत त्यांना काय म्हणतात ते माहीत नव्हतं. अहवालात एका ओळीत लिहिलं होतं की मूल इंग्रजी शिकत आहे, तेव्हा आकडे सावधपणे वापरावेत. पुढच्याच पानावर तेच आकडे धरून त्याला वेगळ्या, लहान वर्गात बसवावं अशी शिफारस होती.

त्या रात्री मी बसून वाचत राहिले. ही चूक नवी नाही, हे तेव्हा कळलं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे काउंटीत मेक्सिकन वंशाच्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची इंग्रजीत चाचणी घेऊन त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं होतं. दोन्ही भाषा जाणणाऱ्याने पुन्हा तपासलं तेव्हा त्यातली बहुतेक मुलं त्या वर्गात बसायलाच नको होती असं दिसलं. त्यावरून खटला झाला आणि 1970 मध्ये त्यात राज्याला मुलाच्या मातृभाषेत तपासणी करण्याचं कबूल करावं लागलं. मग 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॅरी पी. खटल्यात न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरायला मनाई केली. चाचण्या घेणारी माणसं शिकलेली होती, पुष्कळशी भल्या मनाचीही असतील. तरी हजारो मुलांची वर्षं वाया गेली. आज देशभर लागू असलेल्या कायद्यात मुलाला समजणाऱ्या भाषेत तपासा असं जे स्पष्ट लिहिलंय, ते या मुलांच्या आईबापांनी कोर्टात जाऊन मिळवलेलं आहे. मी त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मीटिंगला घेऊन गेले.

पण खरी गाठ सुटली ती आईमुळे. ती रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या पहाटे, व्हिडिओ कॉलवर नातवाला मराठी वाचायला शिकवायची. एक दिवस त्याला झोपायला पाठवून ती मला म्हणाली, “ह्याला बाराखडी घडाघडा पाठ आहे. गोष्ट सांगायला लावली तर डोळ्यांपुढे उभी करतो. पण वाचताना ‘घ’ आणि ‘ध’ रोज नवीन भेटल्यासारखे बघतो, आणि ‘ढ’, ‘ड’, ‘द’ तर सगळे एकच. काल वाचलेला शब्द आज परत पहिल्यापासून जुळवतो. हे इंग्रजीचं नाही गं. हे वाचण्याचं आहे.”

अडचण फक्त नव्या भाषेत दिसली तर मूल भाषा शिकतंय, दोन्ही भाषांत सारखी दिसली तर खोलवर काहीतरी आहे. या विषयातली जाणकार मंडळी हाच निकष लावतात. माझ्या आईला तो निकष कुणी शिकवला नव्हता. मी तिच्याकडून दोन पानं लिहून घेतली, तारखांसकट, कुठल्या दिवशी कुठला शब्द अडला ते. खाली माझं इंग्रजी भाषांतर जोडलं. पालकांनी दिलेली माहिती विचारात घेणं शाळेला बंधनकारक असतं.

आणि इथे मला त्या सायकॉलॉजिस्ट बाईंबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय. त्या तरुण होत्या, त्यांच्याकडे दोन शाळा होत्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मते एका सायकॉलॉजिस्टमागे 500 मुलं असावीत. देशाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यांनी आईची दोन्ही पानं टेबलावर सगळ्यांसमोर वाचली. मग म्हणाल्या, “माझी शिफारस मी मागे घेते. मला पुन्हा बघायचंय.” मराठी बोलणारा सायकॉलॉजिस्ट काही मिळाला नाही, दुभाषी मिळाली. शब्दांच्या यादीचं नुसतं भाषांतर केलं की सोपा शब्द अवघड होतो आणि अवघड सोपा, हेही त्यांनीच मला समजावलं आणि तो भाग बाजूला ठेवला. शब्दांवाचून करायच्या चाचण्या घेतल्या, वर्गात दोनदा मागे बसून पाहिलं. निघालं ते डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं वाचणं अवघड जाणं. आता तो नेहमीच्याच वर्गात असतो, रोज वेगळ्या खोलीत अक्षर-आवाजाची जोडी पायरीपायरीने शिकतो, परीक्षेत त्याला जास्त वेळ मिळतो. आपल्याकडे मुंबईच्या सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी अशा अडचणीचं प्रमाणपत्र मिळवून दहावीला जी सवलत घेतात, तसंच थोडंसं, फरक एवढाच की इथे मूल त्यासाठी दहावीपर्यंत थांबत नाही.

म्हणजे एकाच बाईंच्या हातून माझ्या मुलाची वाट अडणार होती, आणि त्याच बाईंनी ती मोकळी केली. मधे काय बदललं? त्यांना स्वतःच्या आकड्यांवर शंका घ्यायला कुणीतरी कारण दिलं आणि त्यांनी ती घेतली. माझ्या लेखी मदत करणारा आणि अडवणारा यांतला फरक हाच आहे.

थोरलीच्या बाबतीत असं कारण द्यायला मीच नव्हते. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी तिची झोप उडाली होती. ती स्वतः काउन्सेलरकडे गेली. त्यांनी गुण पाहिले, सगळीकडे ए. “तुम्हा मुलांचं अभ्यासात छान असतं, काळजी करू नकोस,” एवढं सांगून पुढच्या वर्षीच्या विषयांचा कागद हातात दिला. भारतीय मूल, चांगले गुण, म्हणजे ठीकच असणार. हा शिक्का चांगला दिसतो म्हणून तो शिक्का आहे हे लवकर लक्षात येत नाही. मिशेल ओबामांनाही शाळेतल्या काउन्सेलरने तू प्रिन्स्टन विद्यापीठाच्या तोडीची नाहीस असं सांगितलं होतं. त्या प्रिन्स्टनलाच शिकल्या. आणि जानेवारी 2017 मध्ये प्रथम महिला म्हणून त्यांनी शेवटचं भाषण केलं ते शालेय काउन्सेलरांच्या सन्मानाच्या कार्यक्रमात. दुखावली गेलेली बाई त्या कामाची किंमत एवढी ओळखते, याचा मी बऱ्याचदा विचार करते.

थोरलीला सावरलं दुसऱ्या एका काउन्सेलरने, ज्यांच्याकडे तिचं नावही नव्हतं. ही मुलगी जेवणाच्या सुट्टीत रोज लायब्ररीत बसते, डबा उघडत नाही, हे त्यांनी पाहिलं. आठवडाभर त्या नुसत्या शेजारी बसून आपलं सँडविच खायच्या. मग ती बोलली. काय बोलली ते मला त्यांनी सांगितलं नाही, जिवाला धोका नसेल तर सांगायचं नसतं. घरच्या गोष्टी परक्या बाईला सांगितल्या म्हणून मी आधी चिडले होते. महिन्याभराने ती रात्री माझ्या खोलीत येऊन सांगू लागली तेव्हा कळलं, ती बोलायची सवय तिकडे शिकून आली होती.

इथे देशभरात एका काउन्सेलरमागे सरासरी पावणेचारशेच्या आसपास मुलं आहेत, शिफारस 250 ची आहे. त्यात वेळापत्रकं आणि शिफारसपत्रं. सँडविच घेऊन शेजारी बसायला वेळ कुठून आणायचा? आपल्याकडे नेमणुका होतील तेव्हा माझी काळजी हीच आहे की एका बाईंना तीन शाळा देतील, वर निवडणुकीची कामं देतील, आणि वर्षअखेरीस किती मुलांना समुपदेशन केलं त्याचा तक्ता मागतील. त्या बाईंना भाषा मुलाची यावी, नुसती शहरातली नाही. आणि वर्गशिक्षिकेचं ऐकायची सोय असावी.

हे सगळं मी काल आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या वर्गात अशी पोरं होती. वाचता यायचं नाही, पण गोष्ट अशी सांगायची की बाकीची जेवायचं विसरत. मी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. वहीवर ‘ढ’ लिहिलं नाही कधी, पण मनात लिहिलं होतं.” आणि ती त्यांची नावं सांगू लागली, कुठल्या साली होता, कुणाचा मुलगा, आता काय करतो. मी फोन कानाला धरून बसले होते. अकरा नावं झाली तरी ती थांबली नव्हती.