निसवलेली हिरवळ

श्रावणातली झड उघडते, थोडे कडक ऊन पडते आणि घरापुढची हरळीची हिरवळ एकाएकी मळकट, जांभळट दिसू लागते. वाकून पाहिले की कारण कळते. पात्यांच्या वर वीतभरही नसलेल्या ताठ काड्या उभ्या असतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला, कापड नसलेल्या उघड्या छत्रीप्रमाणे, एकाच ठिकाणाहून चार-पाच बारीक बोटे फुटलेली असतात. हरळीला तुरे आलेले असतात, म्हणजेच ती निसवलेली असते.

परभणीत राहून या तुऱ्यांविषयी तक्रार करणे थोडे अवघडच आहे. येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी शक्ती’ ही ज्वारीची वाणे या गावाचे नाव घेऊन शिवाराशिवारांत गेलेली आहेत, आणि वसाहतीत घरे बांधून राहणाऱ्या बहुतेकांचे निम्मे मन अजून गावाकडच्या रब्बीतच असते. ज्वारी पोटरीत आली का, निसवली का, दाणा भरला का, हे प्रश्न फोनवर प्रकृतीच्या चौकशीआधी विचारले जातात. ज्वारी, बाजरी, गहू, ऊस, बांबू आणि अंगणातली हरळी ही सगळी एकाच तृणकुळातली. तेव्हा एका गवताने निसवावे म्हणून आभाळाकडे डोळे लावायचे आणि दुसऱ्याने निसवू नये म्हणून यंत्र विकत आणायचे, यातली गंमत आमच्याकडे गवत कापायला येणाऱ्या मामांना पहिल्याच दिवशी जाणवली. “रोज पाणी पाजायलाव, अन् निसवू तर देत न्हाई. मग लावलं कशाला?” असे त्यांनी सरळच विचारले.

मी उसाचा दाखला दिला. उसाला तुरा आला की त्याची वाढ थांबते, कांड्यांवरच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूच्या फुटी, निघतात आणि तोड लांबली तर आत दशी पडून ऊस पोकळ होतो, हे मामांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. हिरवळ राखणारा माणूस या हिशेबाने ज्वारीवाल्यांच्या पंगतीत बसत नाही, उसवाल्यांच्या पंगतीत बसतो. त्याला दाण्याशी कर्तव्य नसते. मामांना हे पटले. “पाणीबी उसावानीच पितंय,” एवढे मात्र त्यांनी जाता जाता ऐकवले, आणि ते खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

तुरा आल्याने हिरवळ विरळ का दिसते, हे गवताच्या घडणीत आहे. पात्यांच्या अवस्थेत गवताचा वाढीचा कोंब अगदी जमिनीलगत बसलेला असतो आणि पाते बुडाकडून वर सरकत वाढते. म्हणून गुरांनी शेंडा खाल्ला किंवा यंत्राने कापला, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. निसवायची वेळ आली की तोच कोंब पाने घडवणे सोडून तुरा घडवू लागतो, पेरे लांबतात आणि त्या फुटव्याला नवे पान येणे बंद होते. उरते ती चिवट, पानांवाचूनची काडी. असे फुटवे जागोजागी झाले की हिरवा रंग फिकटतो, आणि कापल्यावर तर खालचे तपकिरी खुंटच उघडे पडतात.

हरळी पाऊसपाणी मिळेल तशी केव्हाही निसवते. परंतु ती उपाशी असली, पाण्याच्या ताणात असली किंवा पायाखाली माती दबून गेलेली असली की अधिक जोमाने निसवते. आपल्या काळ्या मातीत ही तिन्ही कारणे एकाच पावसाळ्यात हजेरी लावतात. झडीत माती चिकण होऊन मुळांना हवा मिळत नाही, नत्र पाण्याबरोबर वाहून किंवा खाली झिरपून जाते, आणि उघडीप मिळताच भेगा पडू लागतात. त्यामुळे तुरे दिसताच केवळ कापत सुटण्यापेक्षा गवताच्या पोटाकडे पाहावे, असे माझे मत झाले आहे. लोखंडी दाताळ्याने माती भोसकून तिच्यावर चाळलेले शेणखत पसरावे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून तो बेताने, पाती कोरडी असताना फोकावा आणि लगेच पाणी द्यावे. ओल्या पात्यांना चिकटलेला दाणा पाने करपवतो. हौसेने जास्त टाकला तर गवत इतके माजते की आठवड्यातून दोनदा कापावे लागते, आणि ते काम अर्थातच मामांवर पडते.

कापण्याचेही एक तंत्र आहे. हाताने ढकलायच्या यंत्राखाली या काड्या नुसत्या आडव्या होतात आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा ताठ उभ्या राहतात, म्हणून एकदा उभे आणि एकदा आडवे फिरावे लागते. विजेच्या यंत्राचे फिरते पाते त्यांना उचलून कापते. मात्र त्याला धार नसेल तर काडी तुटण्याऐवजी चिरफाळते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या अंगणावर पांढुरकी कळा येते. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा नियम पाळला की बरीचशी दुखणी टळतात.

सगळ्याच तुऱ्यांना सारखी वागणूक देण्याचे कारण नाही. हरळी मुख्यतः धावत्या खोडांनी पसरते, तिच्या तुऱ्यातल्या बियांचे भय बाळगायला नको. रान नाचणीचे तसे नाही. तिचा तुरा हरळीसारखाच बोटांचा, पण जाड, आणि खोड बुडाशी चपटे असते. ती एका हंगामाची पाहुणी असल्यामुळे तिचा सारा भरवसा बियांवर असतो. तिला दाणा भरण्याआधीच मुळासकट उपटावे. मुरमाबरोबर माळावरची कुसळी आली असेल तर तिचीही गय करू नये, कारण ओल मिळताच तिचे कुसळ पीळ सोडते, वाळताच पुन्हा घेते, आणि असे फिरत फिरत बी मातीत किंवा आपल्या पायजम्यात शिरते. लव्हाळ्याचा तुरा कापण्यात तर अर्थच नसतो. तो गवतही नव्हे. बोटांत फिरवले की खोड तीनधारी लागते, आणि त्याचे खरे घर जमिनीखालच्या गाठींत असते. या गाठी खुरप्याने काढाव्या लागतात, आणि सगळ्या कधीच निघत नाहीत.

भाद्रपदात आमच्या हिरवळीची आणखी एक छाटणी होते. गणपतीला कोवळी, तुरा न आलेली दूर्वा लागते, आणि दूर्वा म्हणजे हीच हरळी. गल्लीतल्या मावशी, काकू पहाटे येऊन एकवीस-एकवीसच्या जुड्यांसाठी नेमके चांगले शेंडे खुडून नेतात आणि तुरे तेवढे आमच्यासाठी ठेवतात. देवाचे काम असल्यामुळे बोलता येत नाही. एका काकूंनी तर, “यंदा फार निसवू दिलंत हो, दूर्वा मिळंना,” अशी उलट तक्रारही केली.

दिवाळीनंतर मी तुऱ्यांच्या मागे लागणे सोडतो आणि हळूहळू पाणीही तोडतो. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे वैशाखात गवताला नळी लावून बसणे मला प्रशस्त वाटत नाही. हरळीला त्याची गरजही नसते. वरून ती वाळून पिवळी पडली तरी जमिनीखालच्या काशा, म्हणजे मुळांसारखी दिसणारी खोडे, जिवंत राहतात. शेतात याच काशा वेचून काढण्यासाठी उन्हाळी नांगरट करूनही शेतकरी मेटाकुटीला येतो. मृगाचा पाऊस पडला की ती आपण होऊन फुटते. पहिली कापणी मात्र पाती दाट झाल्यावर आषाढातच करावी, आणि यंत्राला त्याआधी धार लावून आणावी.